मोहरीएवढं बाजूला

पौष निम्मा सरला की आमच्याकडे वाऱ्याला गोडी येते. घरामागं दोन शेतं सोडून गुऱ्हाळ आहे. सकाळी आधी ओलसर चिपाडाच्या धुराचा वास येतो, मग कच्च्या रसाचा हिरवट वास, आणि दुपार कलली की काहिलीत दाटत चाललेल्या काकवीचा. रस्त्यानं जाणारी माणसं थबकून तो वास छातीत भरून घेतात. मी खिडकी लावून घेतो. घरच्यांना वाटतं, मला धुराचा त्रास होतो. मी त्यांना तसं वाटू देतो.

हल्ली चरक विजेच्या मोटारीवर चालतो. खटका दाबला की ऊस गिळायला लागतो. आमच्या वेळी ऊस पिळायचा तर आधी इंजिनाची मनधरणी करावी लागे. दिव्याच्या ज्योतीवर त्याचं डोकं तापवायचं, दोन्ही अंगाची जड चाकं हातांनी झुलवायची, आणि पहिला ठोका पडला की मागं सरायचं. मग दिवसभर तो ठोका शिवारात ऐकू येत राही. विहिरीवर, ओढ्यात, देवळाच्या पायरीवर, कुठंही असलं तरी माणसांचा अर्धा कान त्या ठोक्याकडं असे. तो थांबला की बायका चुलीपुढून उठून दाराशी येत.

तो ठोका एका हंगामात माझ्यामुळं थांबला. त्याची ही गोष्ट आहे.

युद्धाचं तिसरं किंवा चौथं वर्ष असेल. मी चोवीस वर्षांचा होतो. सांगलीला एका कारखान्यात दीड वर्ष काढून मामाच्या गावी इंजिन चालवायला आलो होतो. गाव रहिमतपूरपासून अडीच कोसांवर. मामाचा ऊस होता, आणि पंचक्रोशीत इंजिनावर चालणारं गुऱ्हाळ त्याचंच. भाऊबंदांचा ऊसही त्याच चरकावर यायचा. सांगलीला मी फार काही शिकलो नव्हतो. पण गावात माझी ओळख 'सांगलीला शिकून आलेला दत्तू' अशी झाली होती, आणि ती मला आवडायला लागली होती. मी मुद्दाम खिशाला पाना लावून फिरायचो.

इंजिनाच्या सिलिंडरच्या तोंडावर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाड झाकण असतं. त्याला आम्ही हेड म्हणायचो. सहा बोल्टांनी ते आवळलेलं असे. त्या दिवशी सकाळी हेडच्या सांध्यातून फसफस ऐकू यायला लागली. थोडं आवळलं की थांबेल, असं वाटून मी पाना लावला. थांबली नाही. मागं गुळव्या काहिलीपाशी रसाची वाट बघत उभा होता. थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती. मी पान्याच्या दांड्यात हातभर लांबीची नळी अडकवली आणि सगळ्या अंगाचा भार टाकला.

बोल्ट तुटताना मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. तसा होत नाही. जड लागणारा पाना एकाएकी हातात मऊ होतो. लोखंड ओढ खाऊ लागलेलं तुमच्या तळहाताला कळतं, आणि त्या क्षणी थांबलं तर अजून वाचतं. मी थांबलो नाही. पुढच्या क्षणाला पाना, नट आणि बोल्टाचा वरचा तुकडा माझ्या हातात आला. खालचा तुकडा बिडाच्या आत, तोंडापासून बोटाच्या पेरभर खोल राहिला.

मामा आल्यावर मी सांगितलं, बोल्ट जुना होता, गंजून गेला होता. मामानं मान हलवली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच तर त्यानं मला आणलं होतं. पाच बोल्टांवर इंजिन चालवून पाहिलं, तर सांधा फुटून तोंडावर गरम वाफ आली. नवा सुटा भाग मिळण्याची आशा नव्हती. ते इंजिन विलायतेचं, आणि त्या वर्षात तिकडून येणाऱ्या जहाजांत असल्या गोष्टींना जागा कुठली असायला. शेतात तीन दिवसांचा ऊस तोडून पडला होता. उभा ऊस वाट बघतो, तोडलेला बघत नाही.

मामानं रहिमतपूरहून हुसेन मिस्त्रींना आणवलं.

हुसेन मिस्त्री तेव्हा पंचावन्नच्या पुढं असतील. अंगानं वाळकेच. खांद्यावर किंतानाची पिशवी, डोक्यावर विटकी टोपी. आसपासच्या वीसेक गावांत इंजिन अडलं की त्यांचंच नाव निघे. लोक त्यांना मिस्त्री म्हणत, मी चाचा म्हणू लागलो. यंत्राजवळ आले की ते आधी त्याच्यावरून हात फिरवायचे, नव्यानं बाजारातून आणलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. नट बोटांत धरून त्याचं माप सांगायचे. मला वाटायचं, ही त्यांची ऐट आहे.

त्यांनी हेड उतरवलं. माझ्या हातातला तुटका तुकडा घेतला आणि तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मामा चार पावलांवर उभा होता. मिस्त्री हलक्या आवाजात मला म्हणाले, "ह्यो गंजानं गेलेला न्हाई, गड्या. पिळून तुटलाय. नळी लावली हुतीस?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांनी तो तुकडा पिशवीत टाकला आणि मामाला सांगितलं की जुनं लोखंड आहे, असं होतं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

आत अडकलेला बोल्ट काढण्याचं काम बघणाऱ्याला काम वाटतच नाही. पहिला दिवस नुसता रॉकेल मुरवण्यात गेला. रॉकेल मिळत नव्हतं, मामीनं कंदिलातलं काढून दिलं. दर थोड्या वेळानं मिस्त्री चार थेंब सोडायचे आणि छोट्या हातोडीनं टिकटिक ठोकत बसायचे. गंजाला जाग आणायची, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दिव्याच्या ज्योतीनं आजूबाजूचं बीड तापवलं. बीड फुगतं, बोल्टाची पकड सैल होते. छिन्नी लावून बघितली, पण इतक्या खोल तिला धरायला कड मिळेना. मामा येऊन जाऊन विचारत होता. तोडलेल्या उसाची वाढी, शेंड्याची पानं, सुकून कागदासारखी वाजायला लागली होती. गुळव्या, चुलवाण्या, ऊस वाहणारे गडी सगळे चिपाडांच्या ढिगावर बसून आमच्याकडं बघायचे. त्यांच्या बघण्याची मला धास्ती वाटू लागली. मिस्त्री मात्र एका लयीत ठोकत राहायचे, आणि त्या थंड, मळकट उन्हात तेवढाच एक आवाज गावात उरला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता भोक पाडायचं. तुटक्या बोल्टाच्या बरोबर मध्यावर पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, ठोकून खूण करायची, तिथं गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात चौकोनी निमुळता सुळका ठोकायचा आणि पान्यानं उलटं फिरवायचं. भोक मध्यावर असलं तर बोल्ट आट्यांतून फिरत बाहेर येतो. बाजूला गेलं तर गिरमिटाचं पातं बोल्टाचं कठीण पोलाद सोडून शेजारच्या मऊ बिडात घुसतं. आटे जातात. आणि आमच्या इंजिनात त्या बिडापलीकडं पाण्याची पोकळी होती.

गडी भाकरी खायला गेले होते. मिस्त्रींनी मला जवळ बसवून घेतलं.

"दत्तू," ते म्हणाले, "कुणाला बोलू नगंस. दोन वर्सं झाली, डोळ्यांत दूध सांडल्यागत झालंय. पंच मी मारतो. मधी हाय का, तेवढं तू बघून सांग."

मला तेव्हा दया आली का? आठवून बघतो. नाही आली. मला वाटलं, आता याच्या हातून हे काम होणार नाही आणि सगळं माझ्यावर येणार. बोल्ट मी पिळून तोडला, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळं तो माणूस लवकर गावाबाहेर जावा, असंही मला वाटत होतं. हे लिहायला इतकी वर्षं लागली.

मंडळी परतली. मामा इंजिनाच्या खोपीच्या दारात येऊन उभा राहिला. मिस्त्रींनी करंगळीच्या नखानं तुटक्या बोल्टाची कड चहूबाजूंनी चाचपली, पंच टेकवला आणि एकच ठोका दिला. मग माझ्याकडं तोंड वळवून विचारलं, "मधी हाय?"

मी कंदील धरून आत पाहिलं. खूण डावीकडं होती. फार नव्हे, मोहरीच्या दाण्याएवढी. ते सांगितलं असतं तर त्यांना ती खूण मोडून पुन्हा मारावी लागली असती, अर्धा तास गेला असता. मागून मामानं विचारलं, अजून किती वेळ. ढिगावरचे सगळे डोळे माझ्या पाठीवर होते.

"मधी हाय, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी आत बोट घातलं आणि खुणेवर टेकवलं. बोट तिथंच राहिलं. एवढा वेळ ते का थांबलेत, मला कळेना. मग बोट काढून घेत म्हणाले, "तुझं डोळं तरणं हायत." आणि गिरमीट उचललं.

छातीच्या हाडावर टेकवून ते गिरमिटाचा दांडा फिरवू लागले. मी तेलाचे थेंब सोडत होतो. पोलादाला भोक पडताना चकचकीत वेटोळी बाहेर येतात, बायकांच्या कानातल्या डुलासारखी. आधी तशीच येत होती. थोड्या वेळानं त्यांच्यात राखाडी भुकटी दिसू लागली. बिडाची वेटोळी होत नाहीत, भुकटी होते. हे मला सांगलीला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी ती भुकटी पाहिली. मिस्त्रींना ती दिसत नव्हती. तेव्हासुद्धा मी म्हणू शकलो असतो, चाचा, थांबा. दहा-बारा फेरे तरी मी नुसता भुकटीकडं बघत होतो. मग दांडा एकदम हलका झाला आणि त्या भोकातून पाण्याची बारीक धार आली.

पाणी बिडावरून ओघळत खाली मातीत मुरत होतं. मिस्त्रींनी ओल्या बोटांनी भोकाची कड चाचपली आणि हात तिथंच ठेवला.

मामा पुढं आला. तो वाईट माणूस नव्हता. पण तीन दिवस त्यानं गिळलेलं सगळं तेव्हा बाहेर पडलं. "डोळं हायत का गारगोट्या?" तो म्हणाला. गुळव्याच्या, गड्यांच्या, भाऊबंदांच्या समोर म्हणाला.

मिस्त्री उठून उभे राहिले. "पाटील, हात सरकला. माझ्या हातनं झालं," म्हणाले.

माझ्या हातात कंदील होता. भर दुपारी पेटलेला कंदील घेऊन मी तिथं उभा होतो.

पुढचं काम त्यांनी एकट्यानं केलं. बोल्टाचा उरलेला तुकडा काढून टाकला, भोक मोठं केलं, त्याला नवे आटे पाडले. त्यात बसवायला पितळेची बुशी लागणार होती, बाहेरून मोठ्या आट्याची, आतून जुन्या बोल्टाच्या मापाची. ती करायला साताऱ्याला जायला हवं होतं, तिथं एका ओळखीच्याकडं लेथ होता. कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीतून ते गेले. बरोबर चल, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मी येतो, असं मी म्हटलं नाही. त्या मोटारी चढणीला थांबायच्या, मग उतारू खाली उतरून ढकलायचे. अधू डोळ्यांचा तो माणूस त्या गर्दीत कसा चढला, कसा उतरला, साताऱ्याच्या रस्त्यांवरून कसा चालला, हे मी पुढं अनेकदा डोळ्यांपुढं आणून पाहिलं. तेव्हा आणलं नाही.

गेल्यापासून पाचव्या दिवशी ते परतले. पाणी झिरपू नये म्हणून सफेदा लावलेलं सूत आट्यांवर गुंडाळून त्यांनी बुशी आत फिरवत बसवली. हेड चढवलं, सहाही बोल्ट आवळले, नळीशिवाय, नुसत्या पान्यानं, समोरासमोरचे आळीपाळीनं. इंजिन सुरू झालं. पाण्याचा एक थेंब झिरपला नाही. नंतर सगळा जन्म मी हेच काम केलं. सांगलीत माझ्या हाताखालून शेकडो इंजिनं गेली, आटे गेलेली, बोल्ट अडकलेली. त्या बुशीसारखी बसलेली बुशी मी पुन्हा पाहिली नाही. मामाचं इंजिन तिच्यावर भंगारात जाईपर्यंत चाललं.

पण त्या आठ-दहा दिवसांत तोडलेला ऊस आंबला होता. त्याचा गूळ धरला नाही. ढेपा काळ्या पडल्या, फडक्यातून सोडवल्या की बसायच्या. गुळव्या कपाळाला हात लावून काहिलीकडं बघत राहायचा. मामीनं पहिल्या गुळाचा खडा देवापुढं ठेवायचा तोही ठेवला नाही. आंधळ्या मिस्त्रीनं हंगाम घालवला, हे वाक्य तेव्हा गावात तयार झालं आणि चिपाडाच्या धुरासारखं शिवेपलीकडं गेलं.

वर्ष गेलं. पुढच्या पौषात आमचं इंजिन ठोके देऊ लागलं, आणि त्या बोल्टाजवळ हात नेताना मला दर वेळी काहीतरी व्हायचं. मामा म्हणायचा, आता त्या मिस्त्रीला कोण बोलावतंय. मलाही तसंच वाटत होतं, की त्यांचं काम आमच्या गावानं तोडलं. पण शेजारच्या गावचा एक जण रस प्यायला आला होता, तो वेगळंच बोलला. त्याचं इंजिन अडलं होतं आणि तो दोनदा रहिमतपूरला जाऊन आला होता. मिस्त्री येत नाहीत. डोळे गेलेले माहीत आहेत, तरी चला म्हटलं, तरी येत नाहीत. यंत्राला हात लावणार नाही म्हणतात.

मी बाजाराच्या दिवशी गेलो.

त्यांच्या बायकोनं दार उघडलं. बुटकी, दमलेली बाई. आत बसायला पोतं टाकलं. मिस्त्री भिंतीशी बसून बादलीची कडी तारेनं बांधत होते. माझा आवाज ओळखून त्यांनी मामाची, उसाची, इंजिनाची चौकशी केली. बुशी पाझरते का, विचारलं. नाही म्हटल्यावर बरं वाटलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं.

मी घरातून शब्द जुळवून आलो होतो. ते सगळे गेले. मी विचारलं, "चाचा, काम का सोडलं?"

ते बादली बाजूला ठेवत म्हणाले, "डोळं गेलं त्याचं काय एवढं वाटलं न्हाई, गड्या. माझं बोट शाबूत हुतं. पर त्या दिशी म्या खुणंवर बोट ठेवलं, तर बोट म्हणालं, बाजूला हाय. तू म्हणालास मधी हाय. मंग म्हटलं, झालं. आता बोटबी गेलं. बोट खोटं सांगाया लागल्यावर दुसऱ्याच्या इंजिनाला कशाला हात लावायचा?"

खुणेवर ते बोट इतका वेळ का थांबलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी सांगितलं. खूण बाजूला होती. मी पाहिली होती. भुकटीही पाहिली होती. मामा मागं उभा होता म्हणून, गडी बघत होते म्हणून, तुम्हाला माझी नळी माहीत होती म्हणून. सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडं बघत नव्हतो, बादलीकडं बघत होतो. आता हा माणूस मला हाकलून देईल, दिलं तर बरं होईल, असं वाटत होतं.

त्यांनी हाकललं नाही. बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताची बोटं अंगठ्यानं एकेक करून चाचपत राहिले. मग आत वळून बायकोला म्हणाले, "ऐकलंस का? बोट खरं सांगत हुतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आनंद होता. अंगावर थुंकले असते तरी सोसलं असतं. तो आनंद मला सोसेना.

बायको दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "वरीसभर ह्या माणसानं भिताडाकडं तोंड करून काढलं," म्हणाली. मी मान वर केली नाही.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. मिस्त्री पुन्हा इंजिनावर गेले नाहीत. वर्षाचा खंड पडला होता, तोवर लोकांना दुसरे हात सापडले होते, आणि डोळ्यांत आता उजेड तेवढा कळत होता. बाजारात बसून ते कंदील, बादल्या, कुलपं नीट करायचे. दोन उन्हाळ्यांनंतर गेले. मी मामाला खरं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, आता बोलून काय उपेग. आंधळ्या मिस्त्रीची गोष्ट गावात तशीच राहिली. अगदी परवा परवा एका म्हाताऱ्यानं ती मलाच ऐकवली.

पण त्या दुपारी मी उठणार इतक्यात मिस्त्रींनी खुंटीवरची किंतानाची पिशवी मागून घेतली. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी आटे पाडायची हत्यारं मांडीवर ओतली. एकेक उचलून त्याच्या आट्यांवरून बोट फिरवत ते मापं सांगू लागले. चार सुती. तीन सुती. पाच सुती. दांड्यावर कोरलेले इंग्रजी आकडे मला बसल्या जागेवरून दिसत होते. एकही माप चुकलं नाही. दर वेळी मी 'बरोबर' म्हणायला तोंड उघडत होतो आणि मिटत होतो, कारण ते मला विचारत नव्हते.

शेवटचं हत्यार त्यांनी दोनदा चाचपलं. "साडेचार," म्हणाले, आणि माझ्या अंगावरून हात पुढं नेऊन ते बायकोपुढं धरलं. "तू बघ. बरोबर हाय का?"

तिला आकडे वाचता येत नव्हते. तिनं ते हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. मी आकडा सांगावा म्हणून तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग लगेच नजर काढून घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "बरोबर हाय."